वार्डो, नॉर्वेचं पूर्वेकडचं शेवटचं गाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची हर्णैची, गेली बरीच वर्षं ओस्लोत राहते. आपल्याकडची मंडळी नॉर्वेला आली की फिओर्ड बघतात, उत्तरप्रकाश बघतात, लोफोतेनचे फोटो काढतात आणि परत जातात. मी दोनदा वार्डोला जाऊन आले आणि तेव्हापासून भेटेल त्याला त्या गावाबद्दल सांगत असते. घरच्यांनी, मैत्रिणींनी आणि त्यांच्याही ओळखीच्यांनी परत परत विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

वार्डो नेमकं आहे कुठे?

नॉर्वेच्या पार ईशान्य टोकाला, फिनमार्क प्रदेशात, बॅरेंट्स समुद्राच्या काठी. गाव एका छोट्या बेटावर वसलं आहे. रेखांश ३१ अंश पूर्व, म्हणजे इस्तंबूल आणि सेंट पीटर्सबर्ग या दोन्ही शहरांच्याही पूर्वेला. पण घड्याळ मात्र ओस्लो-पॅरिसचंच, त्यामुळे हिवाळी वेळेप्रमाणे इथली खरी मध्यान्ह सकाळी अकराच्या सुमारालाच होऊन जाते. १७८९ मध्ये याला शहराचा दर्जा मिळाला. आज वस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने गावच.

बेट मुख्य भूमीला बोगद्याने जोडलं आहे. समुद्राच्या तळाखालून रस्ता नेणारा नॉर्वेतला हा पहिला बोगदा. १९८२ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. लांबी सुमारे २.९ किलोमीटर, आणि सगळ्यात खोल जागी आपण समुद्रसपाटीच्या ८८ मीटर खाली असतो. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरून निघणारा ई-७५ हा युरोपीय महामार्ग याच बोगद्यातून येऊन वार्डोत संपतो.

नावाचा उच्चार कसा करायचा? अर्थ काय?

शेवटचं अक्षर आपल्याकडे नाही. ‘ओ’ म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा आणि आतून ‘ए’ म्हणायचं. मी सोयीसाठी ‘वार्डो’ लिहिते. जुन्या नॉर्स भाषेत नाव होतं ‘वार्गोय’, लांडग्यांचं बेट. पुढे पहिल्या शब्दाच्या जागी ‘वार्दा’, म्हणजे खुणेसाठी रचलेला दगडांचा ढीग, असा शब्द आला. सामी लोक, म्हणजे उत्तरेकडचे मूळ रहिवासी, आजही ‘वार्ग्गात’ म्हणतात, त्यात तो लांडगा अजून ऐकू येतो.

इतक्या लांब, इतक्या थंडीत लोक राहायला गेलेच कशाला?

माशासाठी. लहानपणी कॉडलिव्हर ऑइलच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर तोच हा कॉड. बॅरेंट्स समुद्र कॉडचं माहेरघर आहे. वसंतात कॅपलिन नावाचे चिमुकले मासे अंडी घालायला फिनमार्कच्या किनाऱ्याला येतात, त्यांच्या मागोमाग भुकेले कॉड येतात आणि कॉडच्या मागे माणसं. हे शेकडो वर्षं चाललं आहे. गावातल्या एका इमारतीच्या भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरांत ‘कॉड इज ग्रेट’ असं रंगवलं आहे. ते अगदी मनापासून लिहिलेलं आहे असं मला वाटतं.

पकडलेला मासा पूर्वी बहुतेक सगळा सुकवला जायचा. मला वार्डोत सगळ्यात आधी घरची आठवण कुठे आली असेल तर ती इथे. लाकडी वाशांचे उंचच उंच सांगाडे उभे केलेले असतात, त्यांना तिथे ‘येल’ म्हणतात. डोकं काढून पोट साफ केलेले कॉड जोडीजोडीने शेपटीशी बांधायचे आणि वाशावर टांगायचे, एक या बाजूला, एक त्या बाजूला. आपल्याकडे बोंबील काठीवर टाकतात तसंच. फरक असा की आपल्याकडे उन्हावर भिस्त, आणि इथे थंड वाऱ्यावर. या माशाला मिठाचा कणही लावत नाहीत. शून्याच्या आसपासच्या हवेत तो सडतही नाही आणि फार गोठतही नाही, फक्त पाणी सोडत राहतो. दोन-तीन महिन्यांनी हातात घ्या, लाकडाचा ओंडका वाटतो. एकावर एक आपटले की खणखण वाजतात. वासाबद्दल मी काही तक्रार करणार नाही, हर्णैच्या बंदरावर वाढले आहे मी.

हा सुका कॉड इटलीत जातो आणि नायजेरियातही. डोकीसुद्धा वाया जात नाहीत, ती सुकवून नायजेरियाला पाठवतात.

तिथल्या किल्ल्यात पाहण्यासारखं काय आहे?

गडकिल्ले बघितलेल्या माणसाला वार्डोहुस किल्ला आधी लहान वाटेल. डोंगर नाही, कडा नाही, गवताने मढलेली बुटकी तटबंदी. पण वरून पाहिलं तर तिचा आकार आठ कोनांच्या तारकेसारखा आहे. इथे पहिला किल्ला चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. आताचा तिसरा, १७३४ ते १७३८ मध्ये बांधलेला. हा जगातला सगळ्यात उत्तरेचा किल्ला म्हणून ओळखला जातो. हेतू साधा होता: इथवर आमचं राज्य आहे हे शेजाऱ्यांना दिसलं पाहिजे. १५९९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा ख्रिस्तियान चौथा (तेव्हा दोन्ही देशांचा राजा एकच, राजधानी कोपनहेगन) स्वतः जहाजाने इथवर आला होता. त्याने एका लाकडी तुळईवर आपली खूण कोरली, ती तुळई किल्ल्यात जपून ठेवली आहे.

मला तिथे सगळ्यात जास्त काय आवडलं, तर झाड. वार्डोत झाडं उगवत नाहीत, वारा टिकूच देत नाही. १९६० मध्ये किल्ल्यात रोवानची काही रोपं लावली. एकच जगलं. दर हिवाळ्यात शिपाई त्याला गुंडाळून ठेवायचे आणि वसंतात सोडायचे, अशी चाळीसेक वर्षं. २००२ मध्ये ते गेलं. त्याच्या जागी नवी रोपं लावली आहेत.

खरंच दोन महिने सूर्य दिसत नाही?

हो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या विसाव्या तारखेच्या आसपासपर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. मिट्ट काळोख चोवीस तास नसतो, दुपारी काही वेळ निळा-जांभळा संधिप्रकाश असतो. मग एक दिवस सूर्याचं पूर्ण बिंब दिसतं आणि किल्ल्यावरून तोफेची सलामी होते. शाळेला सुट्टी मिळते. वार्डोच्या नगरचिन्हावर लॅटिनमध्ये ब्रीद आहे, त्याचा अर्थ: अंधाराने सूर्याला वाट करून द्यावी. आपल्याकडे शाळेत म्हणायला लावायचे ते ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ मला तिथे आठवलं, पण तिथे ते अक्षरशः कॅलेंडरवर आहे.

उन्हाळ्यात उलट. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य मावळत नाही.

‘चेटकिणींचं गाव’ म्हणतात ते का?

हा प्रश्न बहुतेक लोक हसत विचारतात. उत्तर ऐकताना हसू जातं.

सतराव्या शतकात फिनमार्कमध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून १३५ जणांवर खटले चालले आणि त्यांतल्या ९१ जणांचा जीव गेला. ७७ बायका, १४ पुरुष. बहुतेकांना जिवंत जाळलं, काही कोठडीतल्या छळाने मेले. सगळ्या फिनमार्कची वस्ती तेव्हा तीनेक हजार होती, त्यावरून प्रमाण लक्षात यावं. खटल्यांचं मुख्य ठिकाण वार्डो, कारण राजाचा अधिकारी इथे बसायचा.

सुरुवातीच्या मोठ्या खटल्यांचं मूळ एका वादळात आहे. १६१७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी अचानक वादळ उठलं, दहा होड्या बुडाल्या आणि चाळीस माणसं गेली. एवढ्याशा किनाऱ्यावर चाळीस कर्ती माणसं एका दिवसात. त्याच वर्षी राजाने चेटकाविरुद्ध कडक फर्मान काढलं होतं. १६१९ मध्ये जॉन कनिंगहॅम नावाचा स्कॉटिश माणूस इथला अंमलदार म्हणून आला. त्याच्या मायदेशात अशा खटल्यांचा नुकताच मोठा हंगाम होऊन गेला होता. १६२१ मध्ये बायकांना पकडायला सुरुवात झाली. छळ झाल्यावर त्यांनी कबूल केलं: आम्ही दोरीला गाठी मारल्या, सोडल्या आणि वादळ उठवलं. संशयिताला हातपाय बांधून समुद्रात टाकायचे. तरंगली तर ती चेटकीण, कारण पवित्र पाण्याने तिला नाकारलं. बुडाली तर निर्दोष.

एकीने छळात दुसरीचं नाव घ्यायचं, दुसरीने तिसरीचं. गावाजवळच्या दोमेन नावाच्या डोंगरावर सैतानाबरोबर नाचायला जमतात अशा कबुल्या लिहून घेतल्या गेल्या. १६६२-६३ च्या हिवाळ्यात तर वीसेक बायका मारल्या गेल्या. तेव्हा लहान मुलींवरही आरोप झाले, पण त्या वरच्या न्यायालयात सुटल्या.

मारल्या गेलेल्यांत पाचातला एक तरी सामी समाजातला होता, आणि पुरुषांत तर बहुतेक सामीच. त्यांच्या जुन्या धर्मातला ढोल वाजवणं हाही चेटकाचा पुरावा ठरे. १६९२ मध्ये शेजारच्या वाडसो गावात आंदेर्स पौलसेन नावाच्या वृद्ध सामी माणसावर खटला चालला, आणि निकाल लागण्याआधी कोठडीतच त्याचा खून झाला. त्याचा ढोल जप्त होऊन कोपनहेगनला गेला. तो ढोल २०२२ मध्ये डेन्मार्कने कायमचा सामी संग्रहालयाच्या ताब्यात दिला. ३३० वर्षं लागली.

‘चेटकीण’ हा शब्द वापरावा का?

मी आता वापरत नाही. ‘चेटकाचा आरोप झालेली बाई’ म्हणते, लांब असलं तरी. आपल्या नंदुरबारच्या सातपुड्याच्या भागात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढल्याच्या, मारहाणीच्या बातम्या येतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे आहे, तो याच सगळ्याशी भिडतो. घरातलं मूल आजारी पडलं, गाय आटली, होडी परतली नाही, आणि बोट मात्र शेजारच्या एकट्या बाईकडे. वार्डोच्या जुन्या कागदांत हेच आहे. म्हणून त्या शब्दाचा खेळकर उपयोग माझ्याच्याने होत नाही.

स्टाइलनेसेचं स्मारक म्हणजे काय?

गावाच्या कडेला, समुद्राला लागून एक सपाट भूशिर आहे, त्याचं नाव स्टाइलनेसे. ‘नेस’ म्हणजे भूशिर आणि ‘स्टाइले’ म्हणजे मारलेल्या माणसाचं शरीर लोकांना दाखवायला लावून ठेवायचा खांब. जाळण्याची जागा हीच, असं मानलं जातं. इथे २३ जून २०११ रोजी राणी सोन्या यांच्या हस्ते स्मारक खुलं झालं. तारीख मुद्दाम लक्षात ठेवा: ती सेंट जॉनची पूर्वसंध्या, त्या संध्याकाळी नॉर्वेभर किनाऱ्यावर शेकोट्या पेटवतात.

स्मारकाचे दोन भाग आहेत. एक स्विस वास्तुकार पीटर झुम्टोर यांनी केला. सव्वाशे मीटर लांब लाकडी सांगाडा, अगदी मासे सुकवायच्या वाशांसारखा, आणि त्यात तारांनी ताणून टांगलेली शिडाच्या कापडाची लांबलचक खोळ. एका टोकाच्या उतरत्या फळीवरून वर चढायचं आणि दार ढकलून आत जायचं. आत अरुंद, काळोखी बोळ. दोन्ही बाजूंना वरखाली ९१ छोट्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीपाशी टांगलेला एक एक दिवा. रात्री बाहेरून पाहिलं तर ते दिवे समुद्राकडे बघत उभे असतात.

प्रत्येक खिडकीशेजारी रेशमी कापडावर एका माणसाची हकीगत लिहिली आहे: नाव, कुठली, काय आरोप, कोणी नाव घेतलं, काय कबूल करून घेतलं, शिक्षा काय. हा मजकूर इतिहासकार लिव्ह हेलेने विलुमसेन यांनी मूळ न्यायालयीन दप्तरांतून काढला. ज्या कारकुनांनी त्या बायकांना मारण्याचे कागद लिहिले, त्यांच्याच कागदांमुळे आज ती नावं उरली आहेत, हे वाचताना सारखं जाणवत राहतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ऑक्टोबर होता आणि वारा असा की टोपी हातात धरून चालावं लागत होतं. आत शिरले आणि आवाज बदलला. कापड फुगत होतं, बसत होतं, तारा कुरकुरत होत्या, दिवे हलत होते. आत फक्त मी. किर्स्टी सोरेन्सदातर या नावाशी थांबले. सोरेन्सदातर म्हणजे सोरेनची मुलगी. १६२१ च्या खटल्यांत इतर बायकांनी छळात तिचं नाव म्होरकी म्हणून घेतलं आणि तिला जाळलं. मी ते नाव मोठ्याने वाचलं. का ते सांगता येणार नाही, पण मनात वाचून पुढे जाववलं नाही. मग पुढच्या खिडकीशीही तसंच केलं, आणि त्याच्या पुढच्याही. बाहेर आले तेव्हा दीड तास झाला होता.

दुसरा भाग शेजारीच काळसर काचेच्या चौकोनी खोलीत आहे. तो शिल्पकार लुईझ बूर्ज्वा यांचा, त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक. स्मारक खुलं होण्याच्या आदल्या वर्षी त्या वारल्या. मधोमध एक खुर्ची, तिच्या बैठकीतून ज्वाळा निघत असतात, आणि भोवती उंचावर मोठे अंडाकृती आरसे, वाकून बघणाऱ्या माणसांसारखे. त्या आरशांत ज्वाळाही दिसते आणि आपणही दिसतो, त्या बघ्यांमध्ये उभे असलेले.

तिकीट नाही, कुलूप नाही. रात्री दोन वाजता गेलात तरी आत जाता येतं. मजकूर नॉर्वेजियनमध्ये आहे, फोनवर भाषांतराची सोय करून जा.

लहान मुलांना तिथे न्यावं का?

माझ्या मते दहा-अकरा वर्षांच्या मुलाला जरूर न्यावं, आधी थोडं सांगून. माझी भाची बारा वर्षांची होती तेव्हा माझ्याबरोबर आली होती. तिने एकच विचारलं: “मावशी, मग ज्यांनी जाळलं त्यांची नावं कुठे आहेत?” काही नावं त्याच मजकुरात आहेत, ती आम्ही शोधून वाचली.

पोमोर म्हणजे कोण?

श्वेत समुद्राच्या काठचे रशियन दर्यावर्दी व्यापारी. अठराव्या शतकापासून १९१७ च्या क्रांतीपर्यंत दर उन्हाळ्यात ते राईचं पीठ, लाकूड भरून यायचे आणि मासे घेऊन जायचे. फिनमार्कमध्ये धान्य पिकत नाही. उन्हाळ्यात माशीमुळे टांगलेल्या माशात अळ्या पडतात, सुकवणं जमत नाही, तेव्हा ताजा मासा घेणारं गिऱ्हाईक म्हणजे पोमोर. दोघांचीही सोय. नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी समुद्र अडवला तेव्हा इथल्या लोकांना पोमोरांच्या पिठानेच तगवलं.

या देवघेवीतून एक बाजारभाषा तयार झाली, रुस्सेनोर्स्क. तीन-चारशे शब्दांची, निम्मे नॉर्वेजियन, उरलेल्यांत बहुतेक रशियन. तिला ती माणसं ‘मोया पो त्वोया’ म्हणायची, म्हणजे साधारण ‘मी तुझ्या भाषेत’. गंमत अशी की दोन्हीकडच्या लोकांना वाटायचं आपण समोरच्याचीच भाषा बोलतोय. बंदरावरच्या जुन्या लाकडी वखारींत पोमोर संग्रहालय आहे. डांबर, दोर आणि जुन्या लाकडाचा वास येतो आत. तासभर तरी ठेवा.

वार्डोचा आणि दर्यावर्दी शोधमोहिमांचा काय संबंध?

उत्तरेकडे निघालेल्या जहाजांचं हे शेवटचं बंदर होतं. १५५३ मध्ये ईशान्येकडून चीनला जायची वाट शोधणाऱ्या इंग्रजी जहाजांनी वादळात ताटातूट झाली तर वार्डोहुसला भेटायचं ठरवलं होतं. त्यांच्यातला रिचर्ड चान्सलर तेवढा इथे पोचला, वाट पाहून पुढे गेला आणि मॉस्कोपर्यंत पोचला.

नॉर्वेचा ध्रुवसंशोधक फ्रिट्योफ नान्सेन २१ जुलै १८९३ रोजी ‘फ्राम’ जहाज घेऊन इथूनच निघाला, ध्रुवाकडच्या बर्फात स्वतःहून अडकून घ्यायला आणि त्या बर्फाबरोबर वाहत ध्रुवाजवळ जायला. मधेच जहाज सोडून तो आणि यालमार योहान्सेन स्लेजवरून ध्रुवाकडे निघाले होते, तीन वर्षं कोणालाच पत्ता नव्हता. १३ ऑगस्ट १८९६ ला दोघं जिवंत परतले ते वार्डोलाच, दुसऱ्याच जहाजातून. सरळ तारघरात गेले. आणि गावात भेटलं कोण, तर प्राध्यापक हेन्रिक मोन, ज्यांच्या समुद्रप्रवाहाच्या कल्पनेवर सगळी मोहीम उभी होती. त्याच दिवशी तिकडे ‘फ्राम’ही बर्फातून मोकळं झालं.

आणखी एक, खगोलप्रेमींसाठी. ३ जून १७६९ चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकताना, बघायला व्हिएन्नाचा जेझुइट खगोलज्ञ माक्सिमिलियान हेल वार्डोला आला होता, कारण इथे मध्यरात्रीही सूर्य असतो. निरीक्षण जमलं. त्याच अधिक्रमणासाठी फ्रान्सचा ल जेंती आपल्याकडे पाँडिचेरीत थांबला होता, त्याच्यावर ऐन वेळी ढग आले. हेलचा सोबती यानोश शायनोविच याने वार्डोच्या मुक्कामात सामी भाषा ऐकली आणि ती आपल्या हंगेरियनची नातेवाईक आहे हे १७७० मध्ये ग्रंथ लिहून मांडलं. शुक्र बघायला आले आणि भाषांचं गोत्र सापडलं.

युद्धात गावाचं काय झालं?

१९४० नंतर जर्मन ताबा आणि वरून सोव्हिएत बॉम्ब. १९४४ च्या शरद ऋतूत जर्मन माघारी गेले तेव्हा त्यांनी फिनमार्क जाळत नेलं. वार्डोचा मोठा भाग नष्ट झाला, १८७१ च्या सुमाराचं चर्चही. आताचं चर्च १९५८ चं. जवळच्या किबेर्ग गावातल्या लोकांनी सोव्हिएत बाजूने हेरगिरी करून जर्मन जहाजांच्या बातम्या पोचवल्या, कित्येक जण त्यात मेले, आणि युद्ध संपल्यावर शीतयुद्धात त्याच लोकांवर संशय घेतला गेला. किबेर्गमध्ये त्यांचं छोटं संग्रहालय आहे. वाटेत थांबा.

पक्षी बघायचे असतील तर?

मार्च ते जुलै. बंदरातून होडीने दहा-पंधरा मिनिटांत होर्नोया बेट. पार उत्तरेचा स्वालबार्ड द्वीपसमूह सोडला तर नॉर्वेचं हे सगळ्यात पूर्वेचं टोक. कड्यांवर पफिन, गिलेमॉट, रेझरबिल, किटिवेक असे हजारो समुद्रपक्षी, अगदी हाताच्या अंतरावर. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. माथ्यावर १८९६ चं दीपगृह आहे. किटिवेक गावातल्या घरांच्या खिडक्यांवरही घरटी करतात.

ते पांढरे घुमट कसले?

रडार. लष्करी गुप्तवार्ता खात्याचे. रशिया पलीकडेच आहे. जवळ जाऊन फोटो काढू नका.

गाव ओस पडतंय असं ऐकलं, खरं आहे?

पडत होतं. १९६० च्या दशकात चार हजारांवर माणसं होती. मासळीचे कारखाने बंद झाले, तरुण निघून गेले, घरांना फळ्या ठोकल्या गेल्या. कोकणातली कुलुपं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. २०१२ मध्ये बऱ्याच चित्रकारांना बोलावून पडक्या घरांच्या भिंती रंगवून घेतल्या. त्यानंतर ‘वार्डो रिस्टोर्ड’ या उपक्रमातून जुनी लाकडी घरं, वखारी एकेक करून दुरुस्त होत आहेत: कुजलेली फळी तेवढी काढायची, उरलेली ठेवायची, जुन्या पद्धतीचा रंग द्यायचा. मी एका दुकानाच्या दर्शनी भिंतीवर बघितलं, नव्या फळ्या अजून पिवळ्या आणि शेजारच्या शंभर वर्षांच्या राखाडी. लोकसंख्या परत चार हजार होईल असं कोणी म्हणत नाही. पण छपरं शाकारली जात आहेत.

शाकाहारी माणसाचं काय?

अवघड आहे, पण उपाशी राहणार नाही. गावात किराणा दुकानं आहेत, ब्रेड, चीज, बटाटे, फळं मिळतात. वाफल आणि त्यावर तपकिरी गोडसर चीज हा सगळीकडचा आधार. उन्हाळ्याच्या शेवटी ‘मुल्ते’ नावाची केशरी रानबेरी मिळते, सायीबरोबर खातात, सोडू नका. डाळ-तांदूळ, फोडणीचं साहित्य घरून न्या आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. मासे खाणाऱ्यांनी अर्धवट सुकवलेला कॉड, ‘बोक्नाफिस्क’, विचारून खावा. राजखेकडा मिळाला तर उत्तमच, पण तो मूळचा इथला नाही, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात बॅरेंट्स समुद्रात सोडला आणि तो इकडे पसरला.

कसं आणि कधी जायचं?

किर्केनेसपर्यंत विमानाने आणि तिथून किनाऱ्याच्या बोटीने काही तासांत, किंवा वाडसोवरून रस्त्याने. वार्डोचा छोटा विमानतळ बोगद्याच्या अलीकडे आहे. हिवाळ्यात वादळ आलं की रस्ता बंद होतो, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवा. हाम्निंगबेर्ग या युद्धातून वाचलेल्या जुन्या कोळीवाड्याचा रस्ता फक्त बर्फ नसताना खुला असतो. जूनमध्येही लोकरीची टोपी लागते. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो.

बोट तासभरच थांबते. तेवढ्यात काय बघावं?

बोटीवरचे बहुतेक लोक किल्ल्याकडे जातात, तो धक्क्याला जवळ आहे. मी म्हणेन, स्टाइलनेसेला जा. चालत जाता येतं, थोडं भरभर चाला. ९१ खिडक्या होणार नाहीत. बोळात शिरा, कुठल्याही एका दिव्यापाशी थांबा, नाव वाचा, जमलं तर मोठ्याने. नावाच्या शेवटी ‘दातर’ दिसेल. मग परत या, बोट भोंगा वाजवते.